तीन बोटांचं भस्म

सकाळी सहाला रेवणप्पा गुरुजींच्या घरात दोन कामं एकदमच सुरू व्हायची. मागच्या पत्र्याच्या शेडात सून महानंदा मेसच्या पोळ्यांची कणीक तिंबायला घ्यायची आणि पुढच्या खोलीत गुरुजी पूजेला बसायचे. मेस लातुरातल्या इतर मेससारखीच. हदगाव, नायगाव, मुरुड अशा ठिकाणांहून डॉक्टर व्हायला आलेली पोरंपोरी क्लासला पळण्याआधी डब्यासाठी दारात उभी राहत. मुलगा वीरभद्र तोवर मंडईतून ओमनी भरून भाजी आणायचा. या धांदलीत पुढच्या खोलीकडं कुणी फिरकत नसे. एक नात सोडून.

अक्षरा सव्वापाच वर्षांची. आज्जाची आंघोळ झाली की ती अंथरुणातून उठून डोळे चोळतच यायची. गुरुजी कमरेला धोतर नेसून उघड्या अंगानं आसनावर बसलेले असत. भस्माच्या वडीवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, मधली तीन बोटं घासायची, ती पांढरी झाली की आज्जाचं कपाळ, मग दोन्ही खांदे, मग दोन्ही दंड. हे तिचं काम. ते झाल्यावरच गुरुजी गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेत.

"आज्जा, हलू नको. रेघ वाकडी जाते."

"न्हाई हलत, बाई."

"काल बी असंच म्हणलास आन् खोकलास."

गुरुजी त्यातूनच तिला पाढा शिकवत. कपाळावर किती? तीन. उजवा खांदा धरून? सहा. पाच ठिकाणी तीन-तीन रेघा. उन्हाळ्यापर्यंत पोरगी पंधरापर्यंत आली. पुढं जागा उरली नाही तेव्हा तिनं आपल्याच अकलेनं पाठीवर अठरा केले आणि दोघं पोट धरून हसली.

जन्मभर पोरांना शिकवलेल्या माणसाला याहून मोठं सुख ते काय असणार? म्हणूनच पुढं जे झालं ते त्या पाढ्याच्या आडोशानं झालं, ही गोष्ट गुरुजींना आजही गिळवत नाही.

सुरुवात त्याच्याही वर्षभर आधीची. गुरुजींना त्रेसष्टावं लागलं होतं, पार्वतम्मा जाऊन सहा वर्षं झाली होती. संध्याकाळी ते ओसरीवर फळा टांगून गल्लीतल्या पोरांना गणित शिकवायचे. एका संध्याकाळी भागाकार समजावता समजावता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. कारण काहीच नव्हतं. एका पोराची बाकी चुकली होती, एवढंच. पोरं घाबरून गप्प झाली. गुरुजींनी खडूच्या धुळीवर ढकललं आणि पोरांना लवकर सोडून दिलं.

मग हे वाढतच गेलं. दुपारी खुर्चीतच मान पडायची. पंख्याखाली बसून घाम फुटायचा. खडू धरलेला हात फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत जाईना. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ज्या आवाजानं त्यांनी पत्र्याच्या शेडातली साठ भेदरलेली लेकरं शांत केली होती, तो आवाज आता तिसऱ्या ओळीपर्यंत पोचत नव्हता. साखर तपासली, ती बरोबर. रक्तदाब बरोबर. "वय झालं, गुरुजी," म्हणून डॉक्टरनं व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत एकदा त्यांनी वाचलं, की वयानुसार पुरुषांच्या अंगातलंही हार्मोन उतरतं, आणि काहींचं फारच उतरतं. लक्षणं वाचत गेले तसतसे कान तापत गेले. जणू त्यांचंच नाव छापून आलं होतं. त्यांनी कागदाची घडी केली आणि ती पंचांगात ठेवली.

त्याच आठवड्यात देवळापुढच्या कट्ट्यावर त्यांचे जुने सहकारी विरूपाक्षप्पा रंगात आले होते.

"ऐकलं का रेवणप्पा? आपल्या कापडवाल्या शेटजींच्या पिशवीत ताकदीच्या गोळ्या घावल्या म्हणं. सुनेलाच घावल्या!"

"असतील तब्येतीच्या," गुरुजी म्हणाले.

"तब्येतीच्या! बायको जाऊन आठ वर्षं झाली. आता कुणासाठी तब्येत करून राहिलंय गा म्हातारं?"

कट्टा फिदीफिदी हसला. गुरुजीही हसले. पण घरी येताना त्यांच्या चपलेत तो एकच शब्द खड्यासारखा टोचत होता: कुणासाठी?

खरं सांगायचं तर कुणासाठीच नव्हतं. त्यांना फक्त फळ्याच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत हात न्यायचा होता. पण हे कट्ट्यावर कोण ऐकून घेणार?

लातुरात दर दुसऱ्या दवाखान्यात त्यांचा एखादा विद्यार्थी असायचाच. म्हणून जुन्या मित्राला भेटायला जातो असं सांगून ते एसटीनं नांदेडला गेले. तिथल्या हार्मोनच्या डॉक्टरकडं नाव लिहून घेणाऱ्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "नाव?" आणि गुरुजींच्या तोंडून निघून गेलं, "लिंबाजी." लिंबाजी त्यांच्या शाळेचा शिपाई. वीस वर्षं वेळेवर घंटा दिलेला, सरळ माणूस. त्याचं नाव आपण का उचललं, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

रक्ताचा कागद बघून डॉक्टर म्हणाले, "लिंबाजीराव, तुमचं टेस्टोस्टेरॉन फारच खाली गेलंय. थोडं सगळ्यांचंच उतरतं, तुमचं जास्त उतरलंय. यात मान खाली घालण्यासारखं काय आहे? चष्मा लागला तेव्हा लाजला होता का?"

मग त्यांनी एक जेल लिहून दिलं आणि सावकाश समजावलं. रोज सकाळी आंघोळीनंतर खांद्यांवर लावायचं. पूर्ण वाळू द्यायचं. हात साबणानं धुवायचे. वर सदरा घालायचा. आणि घरात लहान मूल असेल तर लावलेल्या जागेला त्याला शिवू द्यायचं नाही.

गुरुजींनी मान डोलावली. त्यांना त्या घडीला फक्त त्या खोलीबाहेर पडायचं होतं. वर्गात एखादं पोर अशी मान डोलवायला लागलं, की ते त्याला हमखास उठवायचे आणि म्हणायचे, "मी काय सांगितलं, तेवढं बोलून दाखव." नांदेडच्या त्या खोलीत त्यांना उठवणारं कुणी नव्हतं.

घरी रीत अशी, की पूजा उघड्या अंगानं करायची. तीस-पस्तीस वर्षांत गुरुजी सदरा घालून पूजेला बसले नव्हते. आज अचानक बसले तर महानंदा विचारणार, वीरभद्र विचारणार. शिवाय जेलाला स्पिरिटचा वास यायचा आणि खांद्यावर चकाकी राहायची. नातीच्या हातचं भस्म वर बसलं की वासही झाकायचा आणि चकाकीही. राखेनं ते लवकर वाळतही असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. न्हाणीघराची कडी लावून ते जेल लावायचे, साबणानं हात दोनदा धुवायचे आणि डॉक्टरचं आपण सगळं पाळलं, असं मानून बाहेर यायचे. धुवायला हवे होते असे आणखी दोन हात घरात होते, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

दीड-दोन महिन्यांत गुरुजी बदलले. दुपारची गुंगी गेली, घाम गेला, ओसरीवरचा आवाज पार गल्लीच्या टोकाला जाऊ लागला. महानंदा एकदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "मामा, तुमचा आवाज ऐकून मेसची पोरं बी अभ्यासाला बसायलीत." गुरुजींना ते ऐकून बरंही वाटलं आणि चोरून खाल्लेला घास घशात अडकावा तसंही झालं.

मग अक्षराच्या कपाळावर पुटकुळ्या उठल्या. सुरुवातीला महानंदा मेसच्या तळणाला दोष द्यायची. पुढं पोरीच्या घामाला मोठ्या माणसासारखा वास येऊ लागला. दंडावरची, वरच्या ओठावरची लव काळी पडली. चार महिन्यांत दोनदा चपला बदलाव्या लागल्या. शाळेतून चिठ्ठी आली, की तिनं शेजारच्या मुलीला ढकलून दिलं. महानंदाचं तोंड उतरलं. दवाखान्यात जाताना तिनं नवऱ्याबरोबर सासऱ्यांनाही सोबत घेतलं, कारण आज्जा जवळ असला की पोरगी सुई टोचून घ्यायची.

लहान मुलांची डॉक्टर देविका गुरुजींना बघताच खुर्चीतून उठली आणि खाली वाकली. भूकंपाच्या वर्षी गुरुजींची शाळा होती त्याच गावात तिचे वडील तलाठी होते. नऊ वर्षांची देविका छताखाली यायला तयार नसायची. गुरुजी तेव्हा पोरांना म्हणायचे, "मला भीती वाटते हे जो आधी सांगेल, तो आज माझा मॉनिटर." पहिली मॉनिटर देविका झाली होती.

तिनं अक्षराला नीट तपासलं, रक्त घेतलं, आईला बरंच विचारलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "घरात कुणी हार्मोनचं औषध घेतं का? एखादं मलम, जेल लावतं का अंगाला? त्यानंसुद्धा लेकरांना असं होऊ शकतं."

वीरभद्र हसला. "आमच्यात कोण लावणार, मॅडम? मी तोंडाला पावडर बी लावत न्हाई."

महानंदानं मान हलवली. देविकानं गुरुजींकडं पाहिलं. "सर?"

गुरुजींच्या मांडीवर अक्षरा बसली होती. तिच्या बोटांच्या पेरांत सकाळचं भस्म अजून पांढरं होतं. ते त्यांना दिसलं, आणि त्याच क्षणी त्यांना सगळं कळलं. नांदेडच्या डॉक्टरनं सांगितलेला शब्दन् शब्द आठवला. समोर विद्यार्थिनी, शेजारी सून, दाराशी नर्स. आणि कानात कट्टा हसत होता: कुणासाठी?

"न्हाई," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ती नळी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळली आणि दूर कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. आता जेल बंद. म्हणजे पोरीचं आपोआप उतरेल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. हिशोब त्यांनी असा मांडला होता. दुसऱ्या दिवसापासून ते अंगभर उपरणं गुंडाळून बसले. अक्षरा भस्माची वडी घेऊन आली तेव्हा म्हणाले, "आज सर्दी झालीया, जवळ येऊ नको." पुढच्या दिवशीही सर्दी. तिसऱ्या दिवशी पोरगी वडी उंबऱ्यावर ठेवून निघून गेली. चौथ्या दिवशी आलीच नाही.

पण हिशोब चुकला. रक्ताचा कागद आला, त्यात पुरुषाचं हार्मोन पाच वर्षांच्या मुलीत असू नये इतकं होतं. देविकानं वीरभद्रला बसवून सांगितलं. पोटात मूत्रपिंडावर एक ग्रंथी असते. तिथं गाठ असली तरी असं होतं. नांदेडला हार्मोनचे डॉक्टर आहेत, तिथंच स्कॅन होईल. लेकरू हलू नये म्हणून झोपेचं औषध देतील, सकाळपासून उपाशी ठेवा.

वीरभद्र घरी आला आणि गाठ हा शब्द उच्चारून मोठ्यानं रडला. महानंदा रडली नाही. तिनं मेसच्या पोरांना दोन दिवस डबा बंद असल्याचं सांगितलं. सात वर्षांत मेस पहिल्यांदा बंद होत होती.

"अण्णा, तुम्ही बी चला," वीरभद्र म्हणाला. "तुमच्याशिवाय ती कुणाचं ऐकत न्हाई."

पहाटेच ओमनी निघाली. भाजीचा वास अजून गाडीत होता. चाकूर गेलं, अहमदपूर गेलं. अक्षरा मागच्या सीटवर गुरुजींच्या शेजारी होती, पण दोघांच्या मधे गुरुजींनी पाण्याची पिशवी ठेवली होती. ती आधी भूक लागली म्हणाली, मग रडली, मग रडायचीही थकली.

"आज्जा, मी काय केलं गा?" तिनं हळूच विचारलं.

"तू कशाला काय करशील?"

"मग मला जेवायला का देत न्हाईत? आन् तू मला शिवू का देत न्हाईस?"

गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. वर्गात कुठल्याच पोराचा प्रश्न त्यांनी असा अधांतरी सोडला नव्हता.

लोह्याला वीरभद्रनं चहासाठी गाडी थांबवली. तो आणि महानंदा टपरीपाशी उतरले. शेजारी केळीचा गाडा होता. गुरुजी खाली उतरले, दोन केळी घेतली, एक सोललं, आणि खिडकीतून अक्षराच्या हातात दिलं. पोरीनं ते दोन घासांत संपवलं. दुसरं ती खात असताना वीरभद्र आला.

"अण्णा! काय केलं हे?" त्यानं पोरीच्या हातातलं केळं हिसकावलं. "डोकं ठिकाणावर हाय का? आता स्कॅन कसा होईल?"

"स्कॅन नको."

"नको म्हणजे? डॉक्टर तुम्ही हाव का?"

"गाठ न्हाई वीरभद्रा. माझ्यामुळं झालंय."

टपरीवरचे दोघं-तिघं वळून बघायला लागले. गुरुजींनी गाडीच्या दाराला धरलं.  जे त्यांनी एकट्या डॉक्टरलासुद्धा खोट्या नावानं सांगितलं होतं, ते त्यांनी आता भर रस्त्यात, मुलापुढं आणि सुनेपुढं सांगितलं. अंगातलं उतरलेलं हार्मोन, नांदेडच्या खेपा, खांद्यावरचं जेल, वरून भस्म. देविकापुढचं "न्हाई"सुद्धा सांगितलं. एकेक वाक्य तोंडातून काढताना त्यांना वाटत होतं, की आता वीरभद्र विचारेल, कुणासाठी. मुलानं ते विचारलंच नाही.

"देविका मॅडमनं तोंडावर विचारलं व्हतं," वीरभद्र म्हणाला. "तुमच्या मांडीवर बसली व्हती ही. तीन-चार दिवस आम्ही गाठ गाठ करून मरायलोत, आन् तुम्ही बघत बसलात?"

"हाव."

"एवढी कसली लाज, अण्णा?"



महानंदानं अक्षराला गाडीतून खाली घेतलं, बाटलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं आणि पदरानं ते पुसायला लागली. पोरीच्या हातांना केळ्याखेरीज काही लागलेलं नव्हतं. तरी ती पुसतच राहिली, एकेक बोट, बेचक्यांतून, मनगटापर्यंत. गुरुजींना ते बघवेना आणि नजरही काढता येईना.

नांदेडला नाव लिहून घेणाऱ्या त्याच मुलीनं, मान वर न करता, विचारलं. "पेशंटचं नाव? सोबत कोण?"

"मी रेवणप्पा. मुलीचा आज्जा."

आत डॉक्टरांनी त्यांना बघितलं आणि कपाळाला आठी घातली. "तुम्ही लिंबाजीराव ना?"

"न्हाई, साहेब. लिंबाजी आमच्या शाळेचा शिपाई होता. तो असं खोटं बोलला नसता." आणि मग त्यांनी दुसऱ्यांदा सगळं सांगितलं. 

डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला मुलांबद्दल बजावलं होतं."

"बजावलं होतं. मी ऐकलं न्हाई. नुसती मान डोलावली."

स्कॅन तूर्त थांबवला. जेल बंद होऊन आठ दिवस झाले होते, म्हणून रक्त पुन्हा घेतलं, मनगटाचा एक्स-रे काढला. रक्तातलं हार्मोन निम्म्याहून खाली आलं होतं. आणखी तीन आठवड्यांनी परत बघू, असंच उतरत गेलं तर गाठीचा विषय संपला, असं डॉक्टर म्हणाले. पुटकुळ्या जातील, वास जाईल, लवही हळूहळू फिकी होईल. "हाडं मात्र वयाच्या दीड वर्ष पुढं गेलीत," त्यांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला. "ती मागं आणता येत नाहीत. काही वर्षं तिच्या वाढीवर लक्ष ठेवावं लागेल."

काळ्या काचेवर चिमुकल्या बोटांची पांढरी हाडं दिसत होती. मधली तीन बोटं गुरुजींनी बरोबर ओळखली.

निघताना डॉक्टर त्यांच्याकडं वळले. "तुमचा आजार खोटा नाही, गुरुजी. तुम्हाला इंजेक्शन देता येईल."

"आता काही नको, साहेब."

तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा महानंदा बोलली. "इंजेक्शन लेकराला लागत न्हाई ना, डॉक्टर?"

"नाही. ते अंगाच्या आत जातं."

"मग द्या त्यांना." ती सासऱ्यांकडं बघत नव्हती. "घ्या मामा. आजारी पडून बसलात तर कोण बघणार? पण सांगून घ्या."

ती ओरडली असती तर सोसलं असतं. या दोन वाक्यांनी गुरुजींची मान जी खाली गेली, ती लातूर येईपर्यंत वर झाली नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः देविकाच्या दवाखान्यात गेले, रांगेत बसले आणि नंबर आल्यावर म्हणाले, "मी त्या दिवशी खोटं बोललो, बाळ." देविकानं दार लावून घेतलं आणि त्यांना पाणी दिलं. ते पाणी त्यांना पिववलं नाही.

तीन आठवड्यांनी रक्ताचा कागद चांगला आला. त्यानंतरच्या सोमवारी गुरुजी पूजेला बसले होते. हल्ली ते पूर्ण बाह्यांचा सदरा घालून, गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसायचे. रीत मोडली म्हणून कट्ट्यावर विरूपाक्षप्पांनी टोमणा मारला होता. 

दारात अक्षरा उभी होती. हातात वडी नव्हती. मागून महानंदा आली, कणकेच्या हातांनी. तिनं पोरीला हलकेच आत लोटलं.

"जा. कपाळावर लाव. तेवढंच," म्हणून ती शेडात परतली.

अक्षरानं पूजेच्या ताटातल्या वडीवर पाणी टाकलं, बोटं घासली. गुरुजींनी डोळे मिटले. गार तीन रेघा कपाळावरून सरकल्या. एकही वाकडी गेली नाही.

"तीन," ती म्हणाली आणि थांबली. तिनं बोटानं हवेतच सदऱ्याच्या गुंड्या दाखवल्या. "हे का घातलंस? तुला लाज वाटते का आज्जा?"

थंडी वाजते, असं ओठांवर आलं होतं. शेडात लाटण्याचा आवाज थांबल्याचं त्यांनी ऐकलं.

"हाव," ते म्हणाले. "लई वाटते."

"कशाची?"

गुरुजींनी आसनासमोरची फरशी तळहातानं पुसली. "बस इथं. सांगतो," ते म्हणाले. आणि नव्या पोराला पहिला धडा समजावावा तसं, सावकाश, सोप्या शब्दांत, त्यांनी सुरुवात केली. "आज्जाला बरं वाटत नव्हतं. मग आज्जानं एक औषध आणलं, आणि ते सगळ्यांपासून लपवलं..."